टिळ्याची लेक

आमच्या संस्थानची गादी आबासरकारांच्या पलंगाखाली, लोखंडी पेटीत ठेवलेली असे. पेटीला डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि पेटीपुढे चपलांचे जोड, कारण चपला ठेवायला त्या घरात दुसरी जागाच नव्हती. गादी म्हटलं की लोक काहीबाही कल्पना करतात. ही खरोखरची गादी होती. कापसाची, तांबड्या मखमलीची, एका माणसाने ऐसपैस मांडी घालावी एवढी, आणि एका कोपऱ्यात उंदरांनी कुरतडलेली. तिथे आईसाहेबांनी गणपतीच्या मंडपवाल्याकडून मागून आणलेल्या कापडाचं ठिगळ लावलं होतं. त्या ठिगळासकट ती साडेसात गावांची गादी होती. अर्धं गाव कुठलं, तर ओढ्याच्या अलीकडचं आमचं आणि पलीकडचं शेजारच्या जहागिरीचं. मारुतीचं देऊळ आमच्या हद्दीत आणि विहीर त्यांच्या, त्यामुळे देवाला पाणी घालायचं तर रोज परमुलखात जावं लागे, असं आबासरकार मोठ्या अभिमानाने सांगत.

मी जन्मले तोवर यातलं काहीच उरलं नव्हतं. संस्थानं गेली, तनखे गेले, डोंगरातल्या वाड्याचं कुठल्याशा खात्याने गोदाम केलं, आणि आम्ही नवीन पनवेलमधल्या एका चार मजली सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. एक हॉल, एक खोली, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालायला गॅलरी. राज्य गेल्याची बातमी माझ्या आजोबांना, म्हणजे आबासरकारांना, कुणी नीट सांगितली नसावी. किंवा सांगितली असेल आणि मुजरा स्वीकारावा तशी मान किंचित हलवून त्यांनी ती सोडून दिली असेल. रोज अकरा ते बारा हॉलमध्ये दरबार भरे. दरबारात ते, शाळेला सुट्टी असली तर मी, आणि त्या वेळेला दारात येईल तो: इस्त्रीवाला, मतदारयादी तपासायला आलेले मास्तर, गॅसवाला. गॅसवाला मूळचा आमच्या साडेसातांपैकी एका गावचा. खांद्यावरचा सिलिंडर न उतरवता तो दुसऱ्या हाताने मुजरा करायचा. "सर्व क्षेम?" आबासरकार विचारायचे. "हाय सरकार," तो म्हणायचा, "पन पुढचा सिलिंडर टायमावर नाय यायचा." कुकरची तिसरी शिट्टी झाली की आबासरकार घड्याळाकडे बघून "तोफ झाली" म्हणत आणि दरबार बरखास्त होई. रविवारी बाजारातून कोंबडी येई, तिला आमच्याकडे शिकार म्हणायचे. "शिकार मिळाली का?" बाहेरून प्रश्न जाई. आतून, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वासाबरोबर उत्तर येई, "मिळाली, सरकार. सव्वा किलो."

हे उत्तर देणाऱ्या आईसाहेब म्हणजे माझी आई. माझे वडील आबासरकारांचे थोरले चिरंजीव. मी तीन वर्षांची असताना ते काविळीने गेले. मला ते आठवत नाहीत, त्यांचा हार घातलेला फोटो आठवतो. आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराला पडदा होता आणि भाषा त्या पडद्याशी बदलायची. पडद्याच्या अलीकडे "ताईसाहेब, आपण जेवून घ्यावं", पलीकडे "अगं ये ना जेवायला, किती हाका मारू?" अलीकडे मी तिला आईसाहेब म्हणे, पलीकडे नुसतं आई. अलीकडे, म्हणजे हॉलमध्ये, ती बसलेली मला कधीच आठवत नाही. सासऱ्यांपुढे सुनेने बसायचं नाही, आणि आबासरकार तर दिवसभर हॉलमध्येच. टीव्हीवरची मालिकासुद्धा ती दाराच्या चौकटीला टेकून उभ्याने बघायची. जाहिराती लागल्या की आत जाऊन भाजी हलवून यायची. चाळिशीच्या आत तिचे गुडघे कुरकुरायला लागले आणि त्याचा दोष तिने पनवेलच्या दमट हवेला दिला.

समोरच्या दारात रिबेकामावशी राहायच्या. त्या कोकणातल्या ज्यू. बँकेतून निवृत्त झालेल्या, सोसायटीच्या सेक्रेटरी, आणि मराठी आमच्या सबंध घराण्यापेक्षा शुद्ध. त्यांची बहुतेक माणसं इस्राएलला गेली होती. मावशी मात्र "मला तिथलं ऊन सोसणार नाही" असं सांगून पनवेलच्या उन्हात राहिल्या होत्या. त्यांच्यात खवलं आणि पर असलेलाच मासा चालतो. मावशींना चष्मा लावूनही बारीक दिसेना, तेव्हा दहाव्या वर्षापासून मी त्यांच्याबरोबर मासळीबाजारात खवलं तपासायला जाऊ लागले. मुशी नाही, वाम नाही, कोळंबी नाही. रावस हो, पापलेट हो. सुरमईची खवलं इतकी बारीक, की तिच्यावरून आमचा दर वेळी वाद व्हायचा आणि कोळीण कंटाळून म्हणायची, "घ्या नायतर सोडा, तिला नका इचारू." एकदा मावशी मला करंजाच्या बंदरावर घेऊन गेल्या. तिथे बायका चढाओढीने बोली लावत होत्या आणि पुरुष मुकाट्याने टोपल्या उचलत होते. दरबारात वाढलेल्या मुलीला हे दृश्य अगदीच नवीन होतं. मी त्या दिवशी ठरवलं, की आपण माशांचं काहीतरी करायचं. पुढे बारावी झाल्यावर मावशींनीच वर्तमानपत्रातलं कात्रण आणून दिलं: रत्नागिरीला मत्स्यशास्त्राचा चार वर्षांचा अभ्यासक्रम, मुलींसाठी वसतिगृहाची सोय. मी पत्र पाठवून अर्ज मागवला. सगळं आयुष्य माशांत घालवून आता निवृत्त झाल्यावर सांगते, त्या अर्जाच्या पाकिटाइतकं सुंदर पाकीट पुन्हा माझ्या हाती आलं नाही.

आणि त्याच मे महिन्यात आबासरकार गेले. दुपारी तोफ झाली, दरबार बरखास्त झाला, ते पलंगावर आडवे झाले आणि उठलेच नाहीत. मला फार रडू आलं. माझ्या प्रगतीपुस्तकावर "अवलोकिले" असा शिक्का मारणारा माणूस गेला होता. शाळेतल्या बाई ते पुस्तक शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दाखवायच्या, आणि मला त्याची लाज वाटायची. ती वाटल्याची लाज मला अजून वाटते.

तेराव्यापर्यंत घरात शांतता होती. चौदाव्या दिवशी माझे दोन काका गादी मागायला आले. दादासाहेब वयाने मोठे, पण आबासरकारांच्या धाकट्या राणीसाहेबांचे चिरंजीव. बापूसाहेब वयाने दोन वर्षांनी लहान, पण थोरल्या राणीसाहेबांचे. म्हणजे वयाने पाहिलं तर एकाची गादी, आणि राणीने पाहिलं तर दुसऱ्याची. दोन्ही राण्या केव्हाच वारल्या होत्या, त्यामुळे त्यांना विचारायची सोय नव्हती. दादासाहेब न्हावा शेवाला कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर होते. आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी. बापूसाहेबांचं जुन्या पनवेलमध्ये झेरॉक्सचं दुकान होतं आणि ते सगळं हळू आवाजात बोलायचे, मशीन चालू असल्यासारखं एका सुरात. भांडण सुरू होताच दादासाहेबांना जुन्या सनदेची प्रत काढायची होती. गावात स्वच्छ झेरॉक्स एकाच ठिकाणी निघायची. दादासाहेब सनद घेऊन शत्रूच्या दुकानात गेले, रांगेत उभे राहिले, आणि बापूसाहेबांनी त्यांना पाच प्रती काढून दिल्या. सहावी स्वतःकडे ठेवली. दोघांनीही पुढे त्याच सनदेच्या त्याच झेरॉक्स एकमेकांच्या तोंडासमोर नाचवल्या.

आता आमच्या घराण्याची रीत सांगायला हवी, कारण त्या रितीनेच माझा जीव टांगणीला लागला. गादी रिकामी झाली आणि पेटीतून बाहेर आली, की त्या खोलीत कुणी बसायचं नाही, मग तो म्हातारा असो की आजारी. हक्क सांगणाऱ्याने खोली सोडायची नाही. जो बाहेर गेला त्याचा हक्क गेला. मग घराण्यातली सर्वांत मोठी अविवाहित मुलगी, जिला टिळ्याची लेक म्हणतात, ती ज्याला टिळा लावून "बसावं" म्हणेल, तो गादीवर बसायचा. तो बसल्यावर मग बाकीच्यांनी बसायचं. आणि त्याच्यापुढे जो बसला, त्याने त्याला मानलं. कोर्ट नाही, कचेरी नाही. दोन्ही काकांना मुलगेच होते. टिळ्याची लेक मी.

हे कळल्यावर पहिले दोन दिवस मला मजा वाटली. दादासाहेबांनी बंदरातून आणलेला परदेशी बिस्किटांचा डबा दिला. बापूसाहेबांनी माझे पासपोर्ट आकाराचे बत्तीस फोटो काढवून आणले. मला एकच हवा होता. तिसऱ्या दिवशी मात्र दोघांनी एकेक स्थळ आणलं. गादीवर बसणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे टिळ्याच्या लेकीचं लग्न, हाही त्या रितीचाच भाग होता आणि तो मला कुणी आधी सांगितला नव्हता.

"मराठवाड्यातलं घराणं आहे," दादासाहेब म्हणाले. "तुमच्या शब्दाबाहेर नाही राहायचे ते."

"मुलगा काय करतो?"

"करायचं काय त्यात? ते युवराज आहेत."

बापूसाहेबांचं स्थळ बेळगावकडचं होतं. "त्यांच्याकडे तोफ आहे," ते हळूच म्हणाले.

"तोफेचं मी काय करू, काकासाहेब?"

"करायचं काही नाही. दारात असते. शोभा येते."

मी दोघांपुढेही अर्ज ठेवला. अर्जावर शेवटी एक रकाना होता: पालकाची सही. आमच्या घरात शाळेच्या सहलीपासून रेशनकार्डापर्यंत प्रत्येक कागदावर आबासरकारांची सही असे, कारण ते कुटुंबप्रमुख. ते गेल्यावर सही करणार कोण? पुढे माझ्या विद्यार्थिनी हे ऐकून विचारायच्या, "मॅडम, मग आईची का नाही घेतली?" नाही सुचलं, बाळांनो. मला नाही, आईलाही नाही. चष्मा डोळ्यांवर असताना माणूस घरभर चष्मा शोधतो, तसं झालं होतं. माझ्या मते नवा कुटुंबप्रमुख हा त्या दोघांपैकीच कुणीतरी असणार होता.

दादासाहेबांनी अर्ज वाचला आणि त्यांचे डोळे चमकले. त्यांनी खिशातून पेन काढलं. मला वाटलं, माझं काम झालं. "ही सही झाली की मला लगेच पोस्टात टाकायला हवा," मी म्हटलं.

"पोस्टात? खुळ्या की काय तुम्ही! सरकारी छापील कागद, त्यावर पालक म्हणून आमची सही. हा पुरावा आहे. हा आम्ही जपून ठेवणार."

तेवढ्यात बापूसाहेबांनी टेबलावरून अर्ज खेचला. त्यांनाही सही करायची होती, त्यांनाही तो जपूनच ठेवायचा होता. मासे शिकायला मुलगी पाठवायची नाही यावर मात्र दोघांचं पूर्ण एकमत होतं. अर्धा तास ओढाताण झाली. मी मध्ये पडून "फाटेल, फाटेल" ओरडत होते. शेवटी तह झाला, की जोवर गादीचा निकाल नाही तोवर अर्जही वादग्रस्त. त्यांनी माझा अर्ज गादीबरोबर पेटीत ठेवला आणि पेटीला दोन कुलुपं लावली, एकाची किल्ली दादासाहेबांच्या जानव्याला, दुसऱ्याची बापूसाहेबांच्या दुकानाच्या जुडग्यात. दुसरा अर्ज मागवून यायला तीन आठवडे लागले असते. गादीचा मुहूर्त गुरुवारचा होता आणि अर्ज रत्नागिरीला पोचायची मुदत त्याच्या पुढच्या मंगळवारी संपत होती.

पडद्याआड मी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ती मुहूर्ताच्या पुरणपोळ्यांसाठी डाळ निवडत होती. "त्यात काय शिकवतात गं, माशांचं?" तिने विचारलं. मी रडत रडत सांगितलं, ते वाढतात कसे, कुठल्या पाण्यात अंडी घालतात, जाळ्यात लहान सापडले तर का सोडायचे. ती सगळं ऐकून म्हणाली, "चांगलं आहे की." मग थोड्या वेळाने, "माझ्या हातात काही असतं तर..." आणि पुन्हा डाळ निवडायला लागली.

गुरुवारी सकाळी नऊ सत्तावन्नचा मुहूर्त. शोकेस आणि टीव्ही गॅलरीत हलवले, दोन्ही कुलुपं उघडली, आणि गादी हॉलच्या मधोमध मांडली. अर्ज पेटीत उघडा दिसत होता. मी मुद्दाम तिथेच उभी राहिले. दादासाहेबांनी मानकरी म्हणून ट्रेलरचे पाच ड्रायव्हर आणले होते, बँडवाल्याकडचे फेटे बांधलेले. बापूसाहेबांनी झेरॉक्सच्या दुकानातले नेहमीची गिऱ्हाइकं आणली होती. त्यांत दोन वकील आणि एक हिशेब तपासणारे होते. गुरुजी होते. मागून रिबेकामावशी तरातरा जिने चढून आल्या, कारण दादासाहेबांचा ट्रेलर गेटात आडवा लावलेला होता आणि शाळेची रिक्षा आत येईना.

"हे बघा, पार्किंगचं..." असं म्हणून मावशी खुर्चीवर टेकणार, तोच बापूसाहेबांनी हळू आवाजात किंकाळी फोडली. "बसू नका! गादी रिकामी आहे!"

मावशी उभ्या राहिल्या. "मग बसवा कुणाला तरी," त्या म्हणाल्या. "दहाच मिनिटं थांबते मी."

त्या तीन तास थांबल्या. सगळेच थांबले. मी हातात आरतीचं तबक घेऊन उभी, आणि दोन्ही काका गादीच्या दोन बाजूंना. दादासाहेबांनी वय सांगितलं, बापूसाहेबांनी राणी सांगितली. गुरुजींनी एकदा वयाच्या बाजूचा श्लोक म्हटला, एकदा राणीच्या बाजूचा, आणि दोन्ही वेळा दोघांनी त्यांना दक्षिणेची आठवण करून दिली. निरांजनात तीनदा तूप घातलं. अकरा वाजता लोक भिंतींना टेकायला लागले, पण बसायला कुणी तयार नाही. आतून पुरणपोळीचा वास येत होता, आणि बसल्याशिवाय जेवणार कसे? बापूसाहेबांना मधुमेह. ते कधीचे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. खोली सोडली तर हक्क जाणार, आणि दादासाहेब त्यांना मुद्दाम पुन्हा पुन्हा पाणी देत होते. ड्रायव्हरांतला हिराजी उरणकडचा होता, तो शेवटी कळवळून म्हणाला, "सायेब, आमी रातभर गाडी चालवून आलोय. कुनाला बी बसवा पन बसवा. पाय नाय ऱ्हायले आमचे."

"ताईसाहेब, सांगा!" दादासाहेब गरजले.

"सांगा, ताईसाहेब," बापूसाहेब कुजबुजले.

मी काय सांगणार होते? एक बसला तर मराठवाडा, दुसरा बसला तर तोफ. मासे दोन्हीकडे नव्हते. दोन हातांवर पेटीत माझा अर्ज पडला होता आणि तो मला जन्मठेपेच्या कैद्याला बाहेरचा रस्ता दिसावा तसा दिसत होता. पंधरा दिवस मी "बसावं" हा एकच शब्द घोकत होते, नीट ठसक्यात यावा म्हणून, आणि आता तोंड उघडायलाच धजत नव्हते.

तेवढ्यात पडदा सारून आई पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली. पहाटे चारपासून ती ओट्याशी उभी होती. ऐंशी पोळ्या लाटल्या होत्या. हिराजीपर्यंत ती आली, आणि तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. ट्रे कलंडला. दोन पेले खाली पडले. मी तबक एका हातात धरून दुसऱ्या हाताने तिचा दंड पकडला. तिचा सगळा भार माझ्या हातावर आला. सगळ्यात जवळ मऊ असं एकच काही होतं.

"आई," मी म्हटलं, "बसावं."

पुढे घराण्यात माझी मोठी कीर्ती झाली. मुत्सद्दी मुलगी, काय डाव टाकला, वगैरे. खोटं आहे ते. माझ्या डोक्यात राज्य नव्हतं, मासे नव्हते, काही नव्हतं. आई पडेल एवढीच भीती होती, आणि जिभेवर तोच शब्द तयार होता. ती बसली, म्हणजे मटकन खाली गेली, आणि गादी मध्ये आली.

मग हिराजी ओरडला, "बसली रं, बसली!" आणि जिथे होता तिथेच त्याने बैठक मारली. पाठोपाठ बाकीचे चारही ड्रायव्हर बसले. वकील बसले, गुरुजी बसले, मावशी "हुश्श" करून खुर्चीत बसल्या. दादासाहेबांचे पाय त्यांच्याही नकळत दुमडले आणि ते जमिनीवर टेकले. टेकल्यावर आपण काय केलं हे त्यांना कळलं, पण तीन तासांनंतर पुन्हा उठायची ताकद त्यांच्यात नव्हती. बापूसाहेब तर गादी भरली हे बघताच संडासाकडे धावले होते. एक बसला, एक खोलीबाहेर गेला. रितीप्रमाणे दोघांचाही निकाल लागला.

"वहिनीसाहेबांना?" दादासाहेब एवढंच म्हणाले.

"टिळा राहिलाय," गुरुजी म्हणाले. त्यांची नजर स्वयंपाकघराकडे होती.

"अहो पण वहिनीसाहेबांना कुंकू कसं?"

"हे कुंकू नव्हे, राजटिळा आहे," गुरुजी म्हणाले. "लावा लवकर. पोळ्या गार होतात."

पंधरा वर्षं कोऱ्या राहिलेल्या त्या कपाळावर मी टिळा लावला. घाईत तो एका बाजूला लांबला. आईने डोळे मिटून घेतले होते. मी हमसाहमशी रडले, आणि पाचही मानकऱ्यांनी फेटे सावरून "महाराजांचा विजय असो" म्हटलं. त्यांना पाठ तेवढंच होतं.

आईने डोळे उघडले. हॉल, माणसं, भिंतीवरचा वडिलांचा फोटो, सगळं तिने बसल्या जागेवरून, नव्याच घरी आल्यासारखं बघितलं. मग म्हणाली, "त्या पेटीत ताईचा कागद आहे. तो इकडे द्या. आणि पेन."

पेन दादासाहेबांनीच दिलं. त्यांची बिचाऱ्यांची काही तक्रार नव्हती. "बापू तर नाही ना बसला," ते शेजारच्या वकिलाला सांगत होते, "मग झालं." बापूसाहेब परत आल्यावर त्यांनीही दादासाहेबांबद्दल नेमकं हेच म्हटलं. दोघांनी चार-चार पोळ्या खाल्ल्या आणि मराठवाडा आणि तोफ यांचं नाव पुन्हा काढलं नाही.

सही करायला आईला फार वेळ लागला. तिने कागद मांडीवर घेतला, पदराने हात पुसला, जीभ दातांत धरली आणि एकेक अक्षर बसवून लिहिलं. झाल्यावर बापूसाहेबांनी सवयीने अर्ज मागितला, एक झेरॉक्स काढून ठेवू म्हणाले. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला.

"सुमन नारायण कदम," त्यांनी वाचलं. "ही कोण?"

आमच्या घराण्यात सून आली की तिचं नाव बदलतात, आणि रेशनकार्डावर माझी आई चंद्रसेनादेवी होती. पण त्याही नावाने तिला कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नव्हतं. सासऱ्यांची सूनबाई, दिरांच्या वहिनीसाहेब, माझी आई, मामाची आक्का. लग्न झाल्यापासून वीस वर्षांत तिने सही अशी केलीच नव्हती. हाताला मॅट्रिकच्या फॉर्मवर माहेरच्या नावाने केलेली तेवढीच ठाऊक होती आणि तीच उतरली होती. आई लाजेने लाल झाली. "मीच ती," ती म्हणाली. "चुकलंच. खोडता येईल का?"

"नको," मी म्हटलं. मी अठरा वर्षांची होते, आणि आईचं नाव मला माझ्या प्रवेश-अर्जावर वाचून कळलं होतं.

अर्ज तसाच गेला. रत्नागिरीच्या कार्यालयात ती सही कुणी निरखून बघितलीसुद्धा नाही. जुलैत मी वसतिगृहावर पोचले आणि पहिल्याच आठवड्यात तिला चार पानी पत्र लिहिलं. पाकिटावर मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं, सुमन नारायण कदम, आणि खाली सोसायटीचा पत्ता. दहा दिवसांनी ते पाकीट माझ्याकडेच परत आलं. कोपऱ्यात पोस्टमनचा शेरा होता: या नावाचे येथे कोणी राहत नाही. मी पाकीट घेऊन तशीच कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि रिबेकामावशींना फोन लावला. सोसायटीत खाली जिन्याशी सगळ्यांच्या नावांचा फलक होता. तिसऱ्या मजल्यापुढे अजून आबासरकारांची साडेतीन ओळींची बिरुदावली होती. मावशींनी त्याच दुपारी रंगवाला बोलावून ती पुसून घेतली आणि तिथे पांढऱ्या रंगात तीन शब्द लिहवून घेतले.

मावशींनीच मला नंतर सांगितलं, की त्या संध्याकाळी आई तीन वेळा तिन्ही मजले उतरून खाली गेली. पहिल्यांदा दूध आणायचंय म्हणाली, दुसऱ्यांदा पत्र आलंय का बघते म्हणाली. तिसऱ्यांदा काहीच म्हणाली नाही. फलकापुढे उभी राहून, ओठ हलवत, ती आपलं नाव वाचत होती.